गजावरची खूण

माझ्या चुलतभावाचा मुलगा गेलीं बारा वर्षें अमेरिकेंत, नॉर्थ कॅरोलायना राज्यांत, नोकरीनिमित्त राहतो. महिन्या-दोन महिन्यांनीं त्याचें मला पत्र येतें. पत्र म्हणजे हल्लीं कागद नव्हे. तो तिकडे यंत्रावर लिहितो व मी इकडे यंत्रावर वाचतों. परंतु आरंभीं ‘तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार’ हा मायना तो अजून घालतो, आणि पुढें मुलांची खुशाली व हवापाण्याचा मजकूर असतो. गेल्या श्रावणांत आलेलें पत्र मात्र मायना सोडला तर सबंध एका बंदुकीनें भरलें होतें. पाठीमागून काडतूस घालण्याची एक उत्तम रायफल त्याच्यापाशीं आहे. ती तो एका कारागिराकडून पालटून घेत होता. कशांत पालटून? तर ठासणीच्या बंदुकींत!

मीं तें वाक्य दोनदां वाचलें. ठासणीची बंदूक म्हणजे काय, हें आमच्या कोंकणांतल्या माणसाला सांगावें लागत नाहीं. शेतीच्या राखणीसाठीं परवाना काढून घेतलेल्या असल्या बंदुका आमच्याकडे अजून घरोघर सांपडतात, आणि निवडणूक आली कीं त्या पोलिसचौकींत जमा होतात. नळीच्या तोंडाकडून दारू ओतावयाची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. लोखंडी गजानें सर्व ठासावयाचें, घोड्याखालच्या तोटीवर टोपी चढवावयाची, आणि एवढें होईपर्यंत रानडुकर शेतांत थांबलें असेल तर बार काढावयाचा. माणसें या खटाटोपाकडून काडतुसाकडे गेलीं, हा इतिहास आहे. इंग्रजांच्या फौजेची 1853 सालची एन्फील्ड रायफल ठासणीचीच होती. 1857 सालीं ज्या काडतुसांवरून वणवा पेटला, तीं दांतांनीं तोडून आंतली दारू नळीच्या तोंडांत ओतावयाची असे. पुढें 1866 पासून त्याच रायफलींचा मागचा भाग कापून तेथें स्नायडरच्या युक्तीचें झांकण बसविण्यांत आलें, व त्या पाठीमागून भरल्या जाऊं लागल्या. म्हणजे दीडशें वर्षांपूर्वीं जो पालट पुढें जाण्यासाठीं झाला, तोच आमचे चिरंजीव उलट दिशेनें करूं पाहत होते. मोटार विकत घेऊन तिला बैल जुंपावे, तशांतला हा प्रकार. मीं त्याला तसें कळविलेंहि.

‘काका, तुम्ही हंसाल हें मला ठाऊक होतें,’ अशीच त्याच्या उत्तराची सुरुवात होती. तिकडे हरणांच्या शिकारीचे दिवस सरकारनें आंखून दिलेले असतात, आणि पुष्कळ राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठीं वेगळा हंगाम राखलेला असतो. पेनसिल्व्हेनिया राज्यानें तर 1974 सालीं केवळ गारगोटीच्या बंदुकांसाठीं एक हंगाम सुरू केला. ज्याला पणजोबांप्रमाणें एकाच बारावर भिस्त ठेवून रानांत शिरावयाचें आहे, त्याला तशी सवड मिळावी, हा मूळ हेतु. पण मनुष्य मोठा हिकमती! एकच बार, तोंडाकडूनच भरलेला, एवढें बंधन पाळून बाकी सारें नवें कां असूं नये, असें कांहींच्या मनांत आलें. काळ्या दारूचा धूर नको, नळींतली काजळी नको, तें धुणें-पुसणें नको. दारू बिनधुराची असावी, गोळी दूरवर जावी. नॉर्थ कॅरोलायनांतीलच हेन्री बॉल या कारागिरानें ही कल्पना मूर्त केली, आणि 2000 सालाच्या सुमारास सॅव्हेज कंपनीनें तिच्यावरून बिनधुराची दारू सोसणारी ठासणीची रायफल बाजारांत आणली. दहाएक वर्षांनीं ती बंद झाली. परंतु तोंवर लोकांना चटक लागली होती. तेव्हांपासून हौशी लोक आपापल्या रायफली कसबी कारागिरांकडून तशा करवून घेतात. कोलोरॅडोसारख्या राज्यांत ठासणीच्या हंगामांत ही दारू निषिद्ध आहे, कांहीं राज्यांत चालते. कायद्याचीहि एक गंमत त्यानें लिहिली होती. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें काळ्या दारूची ठासणीची बंदूक ही पुराणवस्तु समजली जाते, व तिला इतर बंदुकांचे निर्बंध लागत नाहींत. पण रायफल पालटून ठासणीची केली, तर ती कायद्याच्या दृष्टीनें पूर्वींचीच बंदूक राहते. वेष बदलला तरी मूळ सुटत नाहीं!

येथवर मी मौजेनें वाचीत होतों. पुढें तो दारूविषयीं लिहूं लागला, आणि तेथें माझें हंसणें थांबलें.

मी पेशानें रसायनशास्त्राचा शिक्षक. या दोन दारूंतला फरक मीं पस्तीस वर्षें मुलांना शिकविला आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें मिश्रण. शंभर भागांत सोरा 75, कोळसा 15, गंधक 10. ती जळाली तरी तिचें निम्म्याहून अधिक वजन वायुरूप होतच नाहीं. तें घनरूपानें उरतें, कांहीं धुराबरोबर बाहेर पडतें, कांहीं नळीला चिकटून बसतें व हवेंतलें पाणी ओढून लोखंड गंजवतें. हा तिचा दोष खरा. पण तिच्या जळण्याचा वेग दाबानें फारसा वाढत नाहीं, हा तिचा मोठा गुण. माप थोडें कमी-जास्त झालें तर खांद्याला हिसका बसतो किंवा डुकर वांचतें, बहुधा एवढेंच. शेंकडों वर्षें शहाणे आणि अडाणी सारेच लोक ती चिमटीनें, मुठीनें, बांबूच्या पेरानें मोजीत आले, तें याच भरंवशावर. बिनधुराच्या दारूची जात निराळी. ती आम्लांत मुरविलेल्या कापसापासून होते. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानें 1884 सालीं त्या कापसाचा लगदा करून, त्याचे पातळ पापुद्रे पाडून, लष्कराच्या उपयोगाची अशी पहिली दारू सिद्ध केली. ती जवळजवळ सबंध वायुरूप होते, म्हणून धूर नाहीं. आणि तिचा स्वभाव असा कीं, दाब वाढला म्हणजे जळण्याचा वेग वाढतो, व वेग वाढला म्हणजे दाब वाढतो. उघड्या फरशीवर ती संथपणें, कागदाचे कपटे जळावे तशी जळते. त्याच फरशीवर काळी दारू भस्सकन् उडते. ज्यानें दोन्ही फक्त उघड्यावर पाहिल्या आहेत, तो हिलाच गरीब समजेल. हें शेवटलें वाक्य मी वर्गांत दरवर्षीं उच्चारीत असें, आणि तें उच्चारतांना दरवर्षीं फळ्याकडे तोंड करीत असें.

फौजांनाहि हा दारूपालट सोपा गेला नाहीं. 1888 सालची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूच्या हिशेबानें आंखलेली होती. तिच्यांत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू येतांच नळींतल्या उथळ खांचा भराभर झिजूं लागल्या, आणि 1895 सालीं खोल खांचांची ली-एन्फील्ड काढावी लागली.

म्हणून रूपांतर या शब्दानें कोणी फसूं नये. जुन्या ठासणीच्या बंदुकीला नव्या दारूसाठीं लायक करण्याची कोणतीहि युक्ति नाहीं. पुतण्या आरंभ करीत होता तो रायफलीपासून, आणि त्याचें कारण सरळ आहे. बारा बोअरच्या छऱ्याच्या काडतुसांत दर चौरस इंचास साडेअकरा हजार पौंडांपर्यंत दाब मान्य आहे. तिकडच्या प्रसिद्ध तीस-शून्य-सहा या रायफलीच्या काडतुसांत साठ हजार. हा दाब झेलण्यासाठींच रायफलीचा मागचा सांगाडा घडविलेला असतो. मूळची नळी काढून त्या सांगाड्यावर कारागीर जाड पोलादाची, खास या कामाची नवी नळी चढवितो. तिचें मागचें तोंड मळसूत्राच्या डाटानें बंद होतें. डाटांत टांचणीच्या जाडीचें छिद्र असतें, त्यांतून टोपीची ज्वाला दारूपर्यंत पोंचते. तें छिद्र तापानें झिजतें, आणि वेळच्या वेळीं बदललें नाहीं तर वायु उलट मागें येतो. दारू पेल्यानें मोजावयाची नाहीं. तराजूवर ग्रेनांत तोलावयाची. एक ग्रेन म्हणजे सुमारें 65 मिलिग्रॅम. कोणती दारू व किती, हें नळी करणारा सांगेल तेंच. ‘हें काम घरच्या कानशीचें नव्हे, काका, मीं हात लावलेला नाहीं,’ असें त्यानें मुद्दाम लिहिलें होतें. तें वाचून मला बरें वाटलें.

पण पत्राच्या शेवटीं एक प्रश्न होता. नव्या बंदुकीच्या गजावर कारागिरानें एक खूण करून दिली. नळी भरलेली असली कीं ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशीं येते. रिकामी असली कीं आंत बुडते. चुकून दोन बार भरले गेले असले तर वर राहते. दोनदां भरणें हा ठासणीच्या बंदुकीचा मोठा धोका, त्यावर ही राखण. ‘ही खूण पाहिल्याबरोबर मला आपल्या माजघरांतला आजोबांचा गज आठवला. लहानपणीं मीं त्याचा भाला करून खेळलों आहें. त्याच्यावरहि कानशीनें पाडलेली अशीच खांच आहे. मग काका, आजोबांनीं दोनदां बार भरला तो त्यांना कळला कसा नाहीं?’

या प्रश्नाची मी जवळजवळ साठ वर्षें वाट पाहत होतों, असें म्हटलें तरी चालेल. तो कोणी विचारला नाहीं, एवढेंच.

ती बंदूक माझ्या आजोबांनीं घेतलेली. तिच्या नळीवर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची मुद्रा होती. 1813 सालच्या कायद्यानें स्थापन झालेल्या त्या परीक्षागृहांत नेहमींहून जड बार काढून नळ्या पारखीत. पण ही पारखलेली होती ती काळ्या दारूवर. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, या मुलाचे आजोबा, तिला लेकराप्रमाणें जपत. बार काढून आले कीं कितीहि रात्र झालेली असो, चुलीवर पाणी कढवीत, नळी धूत, कोरडी करीत व तेलाचा हात फिरवीत; मगच निजत.

1967 सालचा आश्विन. मी चौदा वर्षांचा होतों. आमचें गांव तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. 1981 मध्यें तें सिंधुदुर्गांत गेलें. भात लोंबीवर आलें होतें आणि डुकरें रोज रात्रीं उतरत. पाऊस लांबल्यामुळें अण्णांच्या शिंगांतली दारू सर्दली होती. दोनदां नुसती टोपी वाजली, बार निघालाच नाहीं. तालुक्याहून नवी दारू आणण्याइतकी सवड कोणाला नव्हती. वैशाखांत मुंबईहून आलेले, शिकारीचा नाद असलेले एक पाहुणे बारा बोअरचीं सहा काडतुसें खोक्यासकट माळ्यावर विसरून गेले होते. तीं मला ठाऊक होतीं. काडतुसें अण्णांच्या बंदुकीला चालत नाहींत, पण आंतली दारू ती दारूच, असा मीं विचार केला. पुठ्ठ्याच्या त्या नळकांड्यांचीं तोंडें मीं चाकूनें उघडलीं. छर्रे निघाले, बोळा निघाला, आणि तळाशीं करड्या रंगाच्या चपट्या बारीक कपच्या निघाल्या. मी अगदींच अविचारी होतों असें नाहीं. मीं प्रयोग करून पाहिला! चिमूटभर कपच्या पायरीच्या दगडावर ठेवून काडी लावली. पिवळसर ज्योत उठली, हळूहळू जळून विझली. काळी दारू कशी उडते हें मीं पाहिलें होतें. त्यावरून मीं ठरविलें कीं ही दारू मवाळ आहे, तेव्हां थोडी अधिकच घातलेली बरी. सहाहि काडतुसांतली दारू मीं अण्णांच्या शिंगांत ओतली. कोणाला सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं अण्णा म्हणतील, ‘आज बार चांगला निघाला,’ आणि मग आपण सांगावें, असा माझा बेत होता.

पुढें महाविद्यालयांत गेल्यावर मीं तो हिशेब केला. काडतुसाच्या खोक्यावर तीन ड्रॅम असें लिहिलेलें असे. तें आंतल्या दारूचें वजन नसतें, तितक्या काळ्या दारूची बरोबरी असते. तीन ड्रॅम म्हणजे 82 ग्रेन, सुमारें सव्वापांच ग्रॅम. तेवढ्या कामाला बिनधुराची दारू पाव हिश्शाच्या आसपास पुरते. अण्णांचें बांबूचें माप होतें काळ्या दारूचें. त्या मापांत नव्या दारूचीं निदान दोन काडतुसें मावत. हा हिशेब मीं एकदांच मांडला आणि तो कागद फाडून टाकला. पण आंकडे कागदाबरोबर फाटत नाहींत.

त्या रात्रीं अण्णा व गडी मांगरांत राखणीला होते. मी घरीं अंथरुणांत जागा होतों, आवाजाची वाट पाहत. आवाज झाला, पण तो बाराचा नव्हता. आभाळ गडगडावें तसा नव्हता, पत्रा चिरावा तसा होता. थोड्या वेळानें कंदील हलत हलत येतांना दिसला. नळी मागच्या बाजूस उभी चिरली होती, आणि अण्णांच्या डाव्या हाताचा आंगठा व दोन बोटें गेलीं होतीं. काकूंनीं लुगडें फाडून हात बांधला. बैलगाडी जुंपून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. गडी गाडींत चढतांना ज्याला त्याला एकच सांगत होता, ‘आवाज मोठो झालो, पन धूर कायच नाय झालो!’ कोणीं तें मनावर घेतलें नाहीं. अण्णा गाडींत डोळे मिटून पडले होते. त्यांनीं तें ऐकलें असलें पाहिजे.

दवाखान्यांत फौजदार जबानी घेण्यास आला, तेव्हां अण्णांनीं सांगितलें कीं, अंधारांत चुकून दोनदां बार भरला गेला; चूक माझी. परवाना गेला, फुटकी बंदूक पोलिसांनीं नेली. गज मांगरांत पडला होता, तो तेवढा घरीं आला. ज्या मनुष्यानें गजावर स्वतःच्या हातानें खांच पाडली होती, त्यानें ‘दोनदां भरला’ म्हणून सांगावें, आणि तें पोलिसांना, घरच्यांना, साऱ्या गांवाला खरें वाटावें! अण्णा सांगत आहेत एवढें सर्वांना पुरेसें होतें.

तीन आठवड्यांनीं ते घरीं आले. दुसऱ्या दिवशीं दुपारीं सर्व निजलेले पाहून त्यांनीं मला मागच्या अंगणांत हांक मारली व विचारलें, ‘तीं पुठ्ठ्याचीं नळकांडीं कोठें आहेत?’ मीं तीं गवताच्या उडवींत खुपसून ठेवलीं होतीं. आणून दिलीं. ते मला परसांतल्या मोडक्या विहिरीपाशीं घेऊन गेले. डावा हात गळ्यांत बांधलेला होता. उजव्या हातानें त्यांनीं एकेक नळकांडें पाण्यांत टाकलें. सहावें टाकून झाल्यावर म्हणाले, ‘चल, चहा झाला असेल.’ त्यानंतर 1989 मध्यें ते वारले तोंपर्यंत या विषयावर आमचें एक अक्षरहि बोलणें झालें नाहीं. मीं रसायनशास्त्र घेतलें तेव्हां घरांत अनेकांना नवल वाटलें; अण्णांनीं फक्त फीचे पैसे काढून दिले.

हें सारें मीं पुतण्याला लिहिलें. लिहावयास आठ दिवस लागले. त्याचे वडील आज हयात नाहींत, त्यांना मीं हें कधींच सांगूं शकलों नाहीं, हेंहि लिहिलें. शेवटीं म्हाताऱ्यानें लिहावें तसें लिहिलें: दोन प्रकारच्या दारूचे डबे एका फळीवर ठेवूं नकोस; तोलतांना एकच डबा उघडा असूं दे; डब्यांतली दारू दुसऱ्या डब्यांत कधींहि ओतूं नकोस; आणि घरांत पोरें असतील तर कुलूप घाल. आणि हें ज्यांच्या घरीं आजोबांची ठासणीची बंदूक अजून खुंटीला आहे त्यांनाहि सांगावेंसें वाटतें, कारण काडतूस फोडून दारू काढण्याची बुद्धि होणारा मी कांहीं शेवटला मुलगा नव्हे.

पांच दिवस उत्तर आलें नाहीं. सहाव्या दिवशीं रात्रीं दूरध्वनि वाजला. तिकडे सकाळ होती. गज मला हवा आहे, माघांत येईन तेव्हां घेऊन जाईन, असें तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प राहिला आणि त्यानें विचारलें, ‘काका, आजोबा तुमच्यावर कधींच रागावले नाहींत?’

मीं त्याला पुढल्या वर्षींचा आश्विन सांगितला. बंदूक नव्हती, डुकरें होतीं. अण्णांनीं रॉकेलचे दोन रिकामे डबे घेतले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, ‘आज याला मांगरांत नेतों.’ मध्यरात्रीं बांधाखालीं खसफस झाली तेव्हां त्यांनीं एक डबा आपल्या गुडघ्यांत धरला, दुसरा माझ्याकडे सरकविला, आणि उजव्या हातांतल्या दांड्यानें बडवूं लागले. मी बावरून पाहतच राहिलों. ‘बडव रे,’ ते ओरडले, ‘मला एकच हात आहे!’